साडेतीन तारे, बाकीचे पंखाच्या पानाने खाल्ले

खोका उघडल्यावर पहिला तासभर मी खूश होते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे कुरकुर बरीच आहे.

जुलैत ऑनलाइन मागवलेलं, घरी जोडायचं, रिमोटवर उडणाऱ्या शिकाऊ मॉडेल विमानाचं किट. लाकूड बाल्साचं, म्हणजे अगदी हलकं. पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर. किंमत साडेसहा हजार. मोटर, बॅटरी, सर्व्हो (हलते भाग फिरवणारी छोटी मोटर), रेडिओ सगळं वेगळं घ्यायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही. जोडलेलं विमान वाकडं निघालं; त्या वाकडेपणातला निम्मा त्यांचा आणि निम्मा माझा, आणि कुठला कोणाचा हे ठरेपर्यंत गणपती येऊन गेले.

मी भोसरीला एका कारखान्यात ३१ वर्षं इन्स्पेक्शनला होते. शेवटची अकरा स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजायची अवजारंच जिथे तपासतात त्या खोलीत. बाहेर मे महिना असो नाहीतर डिसेंबर, आत २० अंशच. अशा खोलीत आयुष्य काढलं की सवयी लागतात. भाजीवाल्याच्या काट्याकडे मी अजून संशयाने बघते. विमानाचं खूळ मात्र माझं नाही, बहिणीच्या नातवाचं. नववीत आहे, एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे, तिथे एकदा मॉडेल उडताना पाहिलं आणि घरी येऊन मला फोन. ‘मावशीआजी, तुझ्याकडे व्हर्निअर आहे ना? मग झालं तर.’ त्याच्या लेखी मोजायच्या एका अवजारावर विमान होतं.

तर किट. लेझर कटिंग उत्तम. रिबांच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांच्या, खाचा मी मोजल्या (हो, सगळ्या): १० मिलिमीटरच्या स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या पट्टीला, खाच १०.१ ते १०.२. बोटाने दाबलं की बसतं, हातोडी लागत नाही, डुगडुगतही नाही. फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, प्लायच्या चौकटी एकात एक अशा अडकतात की ते दोन संध्याकाळीत उभं राहिलं, आणि गुण्या लावून पाहिला तर काटकोनात. लाकूड मात्र सरमिसळ. बाल्सा हे नावाला एक झाड असलं तरी त्याचा एक तुकडा दुसऱ्याच्या दीडपट जड निघू शकतो. चार स्पारपट्ट्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकल्या: १२, १२, १३ आणि ८ ग्रॅम. आठवाली नखाने दबत होती. कंपनीला फोटो पाठवला, सहा दिवसांत दुसरी आली, पैसे मागितले नाहीत. इथपर्यंत मी पाच तारे धरून बसले होते.

मग पुस्तिकेचं नववं पान आलं. पंख जोडायच्या पानावर, चित्राखाली, एक ओळ: पंख सरळ आणि नेमका आहे याची खात्री करा. बस. कशाच्या मानाने सरळ, किती मिलिमीटरपर्यंत चालेल, मोजायचं कुठे, काही नाही. टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग आमच्याकडे आलं असतं तर मी शिक्का न मारता परत पाठवलं असतं. खोक्यावर पुन्हा ठळक छापलंय, ‘विशेष अवजारांची गरज नाही’. बरोबर आहे. तपासायचंच नसेल तर अवजार कशाला?

त्याच पानावर दुसरी गंमत. ‘डायहेड्रल ७५ मिलिमीटर.’ डायहेड्रल म्हणजे दोन्ही पंख मुळापासून टोकाकडे थोडे वर उचललेले असतात तो कोन, विमान एका बाजूला कललं तर आपोआप सावरावं म्हणून. पण ७५ कुठले? एक पंख सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक ७५ वर, की दोन्ही टोकं ७५-७५ वर? पहिल्या अर्थाने दोन पंखांमधला कोन पावणेसहा अंशांच्या आसपास येतो, दुसऱ्याने साडेअकरा. दुप्पट! नातवाने दुसरा अर्थ घेतला होता आणि ठोकळे कापायलाही बसला होता. उत्तर किटमध्येच होतं, पुस्तिकेत नव्हतं. मधली प्लायची जोडपट्टी कोनात कापलेली येते. ती कोनमापकावर धरली, सहाला थोडी कमी. म्हणजे एकच टोक उचलायचं. तुम्ही हे किट घेतलंत तर आधी ती पट्टी मोजा.

आता माझा निम्मा.

या किटमध्ये प्रत्येक रिबखाली छोटे पाय दिलेत. ते पाय सपाट बोर्डावर टेकवायचे, टाचण्या मारायच्या, स्पार बसवायचा, वरची बाल्साची पातळ शीट चिकटवायची. कल्पना सुरेख आहे, तोपर्यंत पंख वाकडा होऊच शकत नाही. मग पुस्तिका म्हणते, उलटा करा आणि खालची शीट चिकटवा. उलटा केला की ते पाय आकाशाकडे. आणि वरून शीट, खालून शीट, मागे स्पारची उभी भिंत, असं झालं की पंखाचा पुढचा भाग बंद नळी होतो. उघड्या पन्हाळीला पीळ देता येतो, बंद नळीला देऊन बघा. ती ज्या अवस्थेत बंद होते त्याच अवस्थेत राहते. पंखाची ताकद यातच असते आणि फजितीही यातच.

डाव्या पंखाच्या वेळी मी शहाण्यासारखी वागले. उलटा ओट्यावर, रिबांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या, वरून वजन. उजव्याला गोंद लावला आणि दारात गॅसचा सिलिंडर. पैसे, ओटीपी, रिकामी टाकी बाहेर. परत आले तर फेव्हिकॉल धरायला लागलेला, म्हणून पंख मांडीवर घेतला आणि शीट हाताने दाबून बसवली. ३१ वर्षं मी लोकांचे जॉब रिजेक्ट केले ते नेमके असल्या कामासाठी.

तिसऱ्या दिवशी तपासणी. सर्फेस प्लेट, म्हणजे मोजणीचा तंतोतंत सपाट पाट, घरात कुठून आणणार? पण ग्रॅनाइटचा ओटा आहे. एक मीटरची स्टीलची पट्टी कडेवर उभी धरली आणि मागे टॉर्च लावला. शेगडीच्या डावीकडचा सव्वा मीटर झकास, पट्टीखालून उजेड येत नाही. सिंककडे पाणी जायला उतार दिलाय, तो भाग बाद. तिरपा असला तरी चालतो, सपाट हवा. पंखाची खालची बाजू सपाट आहे (शिकाऊ विमानांची बहुधा असते), त्यामुळे पाय कापून घासले की पंख ओट्यावर सरळ टेकायला पाहिजे. मुळाकडची बाजू दाबून धरायची आणि टोकाकडे बघायचं, लंगड्या स्टुलाला बघतो तसं. डावा टेकला, टोकाला मागची कड जेमतेम एक मिलिमीटर वर. उजव्याची टोकाला पुढची कड पाच मिलिमीटर वर.

पंखाची रुंदी २६० मिलिमीटर. एवढ्या रुंदीवर एक अंश म्हणजे साडेचार मिलिमीटर. म्हणजे उजवं टोक एक अंशाहून जास्त, वर तोंड करून पिळलेलं.

नातवाचं म्हणणं पडलं की एक अंश काय, रेडिओवर ट्रिमचं बटण असतं (विमान एका बाजूला ओढत असेल तर ते भरून काढायचं), त्याने मारू. इथे मला स्वतःला बसून विचार करावा लागला. वेगात असताना उजवं टोक जास्त उचल देणार, विमान डावीकडे कलणार, ते ट्रिमने निघेलही. पीळ कमी लेखू नये. राईट बंधूंनी १९०३ साली विमान तोललं ते पंखांना मुद्दाम पीळ देऊनच, वेगळे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, त्यात नव्हते. पण उतरताना वेग कमी होतो, नाक वर येतं, आणि जे टोक आधीच वर तोंड करून आहे ते हवेवरची पकड सगळ्यात आधी सोडतं. म्हणजे उडताना डावीकडे ओढणारं विमान जमिनीजवळ अचानक उजवीकडे पडणार. एका ट्रिमने दोन उलट दुखणी कशी बरी होणार? यासाठीच पुष्कळ विमानांत टोकं मुद्दाम किंचित खाली तोंड केलेली ठेवतात, त्याला वॉशआउट म्हणतात. आमच्या उजव्याचं नेमकं उलटं.

कुणीतरी नातवाला सांगितलं होतं की प्लास्टिकचा फिल्म चढवल्यावर पंख उलटा पिळून इस्त्री फिरवली की सरळ होतो. उघड्या सांगाड्याचा होतो. बंद नळीचा नाही, किंवा आज होतो आणि उन्हात ठेवला की परत पहिल्यासारखा. आम्ही आधी ओलं फडकं, गरम पाणी आणि तांदळाचा डबा हा घरगुती उपाय केला. संध्याकाळी पाचचे चार मिलिमीटर झाले, सकाळी पुन्हा पाच. पुण्यात ऑगस्टमध्ये पापड वाळत नाहीत, तिथे भिजवलेला बाल्सा काय ऐकणार.

शेवटी कापला. वरच्या शीटचा स्पारवरचा जोड नव्या ब्लेडने चौथ्या रिबपासून टोकापर्यंत उकलला. अर्ध्यावर गेल्यावर ‘टक’ असा आवाज झाला आणि नातवाने डोळे मिटले. मला उलट बरं वाटलं. नळी उघडली होती. पंख ओट्यावर सपाट दाबला तेव्हा कापलेल्या दोन्ही कडा एकमेकींना घासून लांबीच्या दिशेने सरकलेल्या स्पष्ट दिसल्या. पीळ तिथे कोंडलेला होता. टोकाच्या मागच्या कडेखाली दोन मिलिमीटरची पट्टी, मुळाशी तांदूळ, मध्ये ज्वारीचं पीठ, टोकाला साबुदाण्याचा डबा. फटीत फेव्हिकॉल, खाली बटर पेपर, चोवीस तास. त्या दिवशी आमच्याकडे जेवण बाहेरून आलं. ओटा आणि धान्य दोन्ही कामावर होतं.

डबे काढल्यावर मागची कड उजव्याला दीड मिलिमीटर वर, डाव्याला एक. फरक अर्धा मिलिमीटर, म्हणजे दशांश अंश. इथे मी थांबले. ‘तू थांबलीस?’ नातू म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मधल्या काळात बोहरी आळीतून चुंबकवाला डिजिटल कोनमापक आणला, अकराशे रुपये, दशांश अंश दाखवतो. अ‍ॅल्युमिनिअमची सरळ पट्टी, तिला पुठ्ठ्याचे दोन खाचेदार पाय, एक खाच पुढच्या कडेला, एक मागच्या कडेला, कोनमापक वर. त्याला चिकटायला पट्टीवर लोखंडाची चकती लावावी लागली, अ‍ॅल्युमिनिअमला चुंबक कुठलं धरतंय? तयार इन्सिडन्स मीटर मिळतो, तो याचाच सुबक भाऊ. एकट्या पंखासाठी ओटा आणि पट्टी पुरतात; हा उपयोगी पडतो पंख विमानावर चढल्यावर, शेपटीच्या मानाने त्याचा कोन पाहायला. घेतला नसता तरी चाललं असतं. पण घेतलाय तर वापरते, भिंतीवरची घड्याळंसुद्धा सरळ झाली.

पंख फ्यूजलाजवर चढवला आणि किटचा निम्मा सुरू झाला. मागून पाहिलं तर एक टोक जमिनीपासून सहा मिलिमीटर जास्त उंच. घाबरून सॅडलवर, म्हणजे पंख बसतो त्या खोबणीवर, पॉलिश पेपर चालवू नका. आधी त्रैराशिक मांडा. सॅडलची रुंदी ८०, पंख १५००. टोकांना सहाचा फरक म्हणजे सॅडलला ०.३२. पॉलिश पेपरच्या चार जादा हातांत तुम्ही फरक उलट्या बाजूला नेऊन ठेवाल. मी एका इलेक्ट्रिशियनचं व्हिजिटिंग कार्ड मोजलं, ०.३ भरलं. त्याची पट्टी कापून कमी बाजूला चिकटवली. तो इलेक्ट्रिशियन तसाही फोन उचलत नाही.

दुसरं दुखणं मोठं होतं. पंख फ्यूजलाजला काटकोनात आहे का हे बघायचं तर शेपटीच्या मध्यापासून दोन्ही टोकांचं अंतर सारखं हवं. दोरा ताणतो, म्हणून बाल्साची लांब पट्टी घेतली, एका टोकाला टाचणी शेपटीत रोवली, दुसऱ्या टोकाला पेन्सिलीची खूण. डावीकडून उजवीकडे नेली तर नऊ मिलिमीटरचा फरक. हिशेब केला तर पंख अर्धा अंश फिरलेला, आणि पंख फ्यूजलाजला धरणारे मागचे दोन नायलॉन बोल्ट जवळपास दोन मिलिमीटर बाजूला असले तरच हे होतं. माझा स्वतःवरचा विश्वास गॅस सिलिंडरपासून डळमळीत, त्यामुळे आधी माझंच सगळं तपासलं. मग फ्यूजलाजमधली बोल्टची प्लेट. कारखान्यातून भोकं पाडून आलेली. एका कडेपासून १३.०, दुसऱ्या कडेपासून १७.०. तीनदा मोजलं. भोकांची जोडीच्या जोडी दोन मिलिमीटर सरकलेली.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, ‘सर, जोडताना ग्लू जास्त लागला असेल.’ सर! व्हर्निअर लावलेल्या प्लेटचा फोटो पाठवला, तेव्हा दिलगिरी आणि नवी प्लेट पाठवतो असं. पण ती फ्यूजलाजमध्ये अराल्डाइटने बसलेली, काढायची तर चौकट फोडावी लागणार. म्हणून दुरुस्ती पंखात केली. तिथली भोकं ६ मिलिमीटरच्या लाकडी दांडीने बुजवली, दुसऱ्या दिवशी पट्टीने दोन्ही अंतरं जुळवून पंख जागेवर धरला आणि खालच्या भोकांतून खूण करून नव्याने पाडली. नऊचा फरक एकावर आला.

शेपटीबद्दल एवढंच की ती सगळ्यात शेवटी चिकटवा आणि खाचेवर विसंबू नका, पंखावरून जुळवा. आमची एका बाजूला चार मिलिमीटर कललेली होती. ते कुठल्याही मीटरने नाही, तीन मीटर मागे गॅलरीत उभं राहून डोळ्यांनी पकडलं. दोन रेघा समांतर आहेत की नाहीत हे डोळ्याला फार चांगलं कळतं. स्टँडर्ड रूममध्ये असताना मी हे कबूल केलं नसतं.

उडवायला शहरात जागा नाही, आणि लोहगावचा विमानतळ इतका जवळ असताना भलतं धाडस करूही नये. मुळशीच्या बाजूला ओळखीच्यांचं शेत आहे. भात काढल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी तिथे गेलो. रिमोट एका जाणत्या गृहस्थांच्या हातात. आम्ही दोघं बांधावर. पहिल्या फेरीनंतर त्यांनी दोन टिचक्या उजवीकडे ट्रिम दिला, तेवढाच. मग माझ्या आग्रहावरून उंच नेऊन मोटर बंद केली, नाक वर धरून ठेवलं. मी श्वास धरलेला. विमान क्षणभर लटकलं, आणि नाक सरळ खाली घालून पुन्हा उडायला लागलं. कुठल्याच बाजूला पडलं नाही. ‘कोणी बांधलंय?’ त्यांनी विचारलं, नातवाने पटकन ‘आम्ही’ म्हटलं, आणि मी काही बोलले नाही.

दुसऱ्यांदा उतरताना नातवाच्या हाती रिमोट होता. भाताच्या ढेकळात चाक अडकलं, विमान उलटं झालं, मागचे दोन्ही नायलॉन बोल्ट तुटले, पंखाला ओरखडा नाही. बोल्ट नायलॉनचे यासाठीच असतात. किटमध्ये दोनच येतात, जादा घेऊन ठेवा. बोहरी आळीत मिळतात, किरकोळ किमतीला.

घ्यावं का, तर घ्या. लाकूडकाम साडेसहा हजारांना स्वस्त आहे, माणसं उशिरा का होईना ऐकतात. पण पहिल्यांदाच बांधत असाल आणि घरात मोजायची सवय कुणालाच नसेल, तर पंख बंद करण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवा. साडेतीन तारे. नवव्या पानावर तीन आकडे छापले असते तर साडेचार दिले असते.

त्यांनी पाठवलेली नवी प्लेट आता माझ्याकडे नुसतीच पडून आहे. आल्याबरोबर मोजली. एका कडेपासून १५.०, दुसऱ्या कडेपासून १५.०.